अर्केडियाच्या गडप होणाऱ्या नद्या

ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीस द्वीपकल्पाच्या ऐन मध्यावर मँटिनियाचं मैदान आहे. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे-साडेसहाशे मीटर उंच, चहूबाजूंनी डोंगर, आणि त्यातून वाहत बाहेर पडणारी एकही नदी नाही. हिवाळ्यात पाऊस होतो, डोंगरांवर बर्फ पडतं, वसंतात ते वितळतं. हे सगळं पाणी मैदानात उतरतं आणि मैदानातच नाहीसं होतं. या एका गोष्टीकडे नीट पाहिलं, तर हे मैदान ज्या अर्केडिया नावाच्या प्रदेशात आहे त्याचं पुढच्या दोन हजार वर्षांच्या युरोपीय साहित्यात काय झालं, ते मला वाटतं अधिक चांगलं कळतं.

साहित्यातलं अर्केडिया म्हणजे सदाहरित कुरण, झऱ्याकाठी बासरी वाजवणारे गुराखी, सावली, निवांतपणा. त्या प्रतिमेवर भरपूर लिहून झालंय. खरं अर्केडिया थंड, खडकाळ आणि गरीब होतं आणि कवींनी त्याचं नंदनवन केलं, असा एकूण सूर असतो. ते खरंही आहे. पण कवींनी खऱ्या अर्केडियातली एक गोष्ट न बदलता जशीच्या तशी उचलली, आणि ती म्हणजे तिथलं पाणी.

अर्केडियाचे डोंगर चुनखडीचे आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि चुनखडी त्यात हळूहळू विरघळते. भेगा रुंदावतात, भेगांची भुयारं होतात, आणि शेवटी दरीच्या तळाशी थेट तोंड उघडतं. सह्याद्रीचा काळा कातळ पाण्याला असं गिळत नाही. आपल्याकडे पाणी कड्यावरून खाली येतं आणि ओढ्यातून वाहत जातं, म्हणून हे दृश्य आपल्या सवयीचं नाही. ग्रीक लोक या तोंडांना काताव्होथ्रा म्हणतात. प्राचीन अर्केडियन बोलीत त्यांना झेरेथ्रा म्हणत, ही नोंद स्ट्रेबो या भूगोलकाराने केली आहे.

फेनिओस, स्टिम्फालोस, ऑर्खोमेनोस, मँटिनिया, टेगिया ही अर्केडियाच्या पूर्व भागातली खोरी अशाच तोंडांच्या भरवशावर शेती करत आली. तोंड उघडं असेल तर खोऱ्यात गहू, तुंबलं तर तळं. तुंबण्याची कारणं साधी असतात: पुराबरोबर आलेला गाळ, ओंडके, पालापाचोळा, कधी आतला खडक ढासळणं. शिवाय तोंड पूर्ण उघडं असलं तरी त्याची पाणी ओढण्याची एक मर्यादा असते. बर्फ एकदम वितळलं आणि त्यावर पाऊस आला, की उघड्या तोंडासमोरही पाणी साचतं.

फेनिओसचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. पॉसेनिअस हा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तिथे गेला, तेव्हा त्याला डोंगरांच्या अंगावर जुन्या पुराच्या पातळीच्या खुणा दाखवण्यात आल्या. मैदानाच्या मधोमध हेराक्लीस या पुराणातल्या वीराने खणलेला म्हणून सांगितला जाणारा कालवा होता: ५० स्टेडियम लांब, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर, आणि जिथे ढासळला नव्हता तिथे ३० फूट खोल. कालव्याचं काम नदीला मैदानभर पसरू न देता सरळ विवरांच्या तोंडाशी नेऊन सोडणं. पॉसेनिअसच्या काळात नदीने तो कालवा सोडून पुन्हा आपली जुनी वाट धरली होती. स्ट्रेबोने एराटोस्थेनीस या जुन्या ग्रीक विद्वानाच्या हवाल्याने त्याच्याही आधीची हकिकत दिली आहे. फेनिओसची विवरं तुंबली की खोरं भरून जाई आणि ती मोकळी झाली की साठलेलं सगळं पाणी एकदम सुटून लाडोन नदीत आणि तिच्यातून अल्फीअसमध्ये येई. एकदा तर कित्येक मैलांवरच्या ऑलिंपियाच्या देवळाभोवतालची जमीन पाण्याखाली गेली आणि वर तळं मात्र आटलं. एकोणिसाव्या शतकातही हेच घडलं. विवरं तुंबून मोठं तळं झालं आणि १८३०च्या दशकात ते अचानक रिकामं झालं.

स्टिम्फालोसची हकिकत पॉसेनिअस आपल्या हयातीत घडलेली म्हणून सांगतो. तिथे आर्टेमिस देवीच्या उत्सवात लोक हयगय करू लागले होते, बरेचसे विधी बंद पडले होते. मग विवराच्या तोंडात एक ओंडका अडकला. पाणी अडलं आणि ४०० स्टेडियम मैदान तळ्याखाली गेलं. एक शिकारी हरणामागे धावत होता, हरणाने पाण्यात उडी घेतली, शिकाऱ्यानेही घेतली आणि विवराने दोघांनाही गिळलं. त्यापाठोपाठ एका दिवसात मैदान कोरडं झालं. उत्सव पुन्हा जोमाने सुरू झाला. यातलं आर्टेमिसचं अंग बाजूला ठेवलं तरी घटनाक्रम जलविज्ञानाला धरून आहे: तोंडाशी अडथळा, मागे साचलेल्या पाण्याचा वाढता दाब, अडथळा सुटणं आणि जोराची ओढ. आख्यायिका रचणाऱ्याने हे पाणी जवळून पाहिलं होतं.

अर्केडियन लोक या पाण्याने लढलेही. इ.स.पू. ४१८ मध्ये स्पार्टाचा राजा एजिस याने टेगियाच्या हद्दीतलं पाणी मँटिनियाच्या बाजूला वळवायला सुरुवात केली. शत्रूने डोंगरावरची भक्कम जागा सोडून पाणी थोपवायला खाली सपाटीवर यावं, हा त्याचा हेतू. इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो, की हे पाणी ज्याच्या हद्दीत शिरेल त्याचं नुकसान करतं, म्हणून ही दोन शहरं नेहमीच त्यावरून लढत. पुढे इ.स.पू. ३८५ मध्ये स्पार्टाच्याच एजेसिपोलिसने मँटिनियाला वेढा घातला. शहरातून ओफिस नावाची नदी वाहत होती. ती जिथून बाहेर पडे तिथे त्याने बांध घातला. पाणी तटाच्या दगडी पायथ्याच्या वर चढलं, वरच्या कच्च्या विटा भिजून ढिल्या झाल्या, खालच्या थराला वरचा भार पेलवेना, तट तडकला आणि कलला. लोकांनी लाकडाचे टेकू लावले, ते पुरले नाहीत. पॉसेनिअस याचं कारण नेमकं सांगतो. वेढ्याच्या यंत्रांपुढे कच्ची वीट दगडापेक्षा बरी, कारण दगड फुटतो आणि सांध्यातून निखळतो. पण पाण्यापुढे वीट टिकत नाही. शहर पुन्हा वसवलं तेव्हा नदी तटाच्या बाहेरून वळवून घेतली. तो लंबगोल तट आजही जमिनीवर दिसतो, घेर सुमारे ४ किलोमीटर.

लोक कसे होते? इतिहासकार हिरोडोटसने दिलेल्या डेल्फीच्या भविष्यवाणीत ते ओकची फळं खाणारे आहेत. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफनच्या दहा हजारांच्या भाडोत्री फौजेत निम्म्याहून जास्त माणसं अर्केडिया आणि अखाया या दोनच प्रदेशांतली होती, यावरून डोंगरात पोट भरत नव्हतं हे समजतं. मेगालोपोलिस या अर्केडियन शहरात जन्मलेला इतिहासकार पॉलिबिअस आपल्या लोकांबद्दल एक जिव्हाळ्याचा मजकूर लिहून गेला आहे. अर्केडियात मुलांना लहानपणापासून गाणं सक्तीचं, तेही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत. आधी आपापल्या गावच्या वीरांची आणि देवांची स्तोत्रं, मग तिमोथिअस आणि फिलोक्सेनस यांच्या चाली, दरवर्षी थिएटरात स्पर्धा. इतर कुठली विद्या येत नाही असं सांगायला तिथे कुणाला लाज वाटत नसे, पण गाता येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. कारण तो हवामानात शोधतो: थंडी, उदास आभाळ, कष्टाचं आयुष्य, त्याने माणूस कठोर होतो आणि त्यावर गाणं हाच उतारा. किनाएथा या गावाने गाणं सोडलं आणि ते रक्तपातात बुडालं, असं त्याचं निदान. निदान पटो न पटो, साहित्यातल्या गाणाऱ्या अर्केडियन गुराख्यामागे एवढा खरा आधार आहे. तो गुराखी सुखात होता म्हणून गात नव्हता, हे मात्र पुढच्या अनेक कवींच्या लक्षात राहिलं नाही.

या डोंगरांचा देव पॅन. त्याच्याशी लोकांचं नातं रोखठोक होतं. थिओक्रिटस या ग्रीक कवीच्या सातव्या गोपगीतात, म्हणजे गुराख्यांच्या गीतात, उल्लेख येतो, की वाट्याला मांस कमी आलं की अर्केडियातली पोरं पॅनच्या मूर्तीला रानकांद्याने झोडपतात. पावसासाठीचा विधी याहून हळवा होता. लायकिअन पर्वतावर हाग्नो नावाचा झरा होता. दुष्काळ लांबला की झ्यूसचा पुजारी तिथे प्रार्थना आणि बळी देऊन ओकची फांदी पाण्यात घाली. खोल नाही, फक्त पृष्ठभागाला लागेल एवढी. पाणी हलून धुक्यासारखी वाफ निघे, वाफेचा ढग होई, तो इतर ढगांना ओढून घेई आणि पाऊस पडे.

पॅनच्या बासरीची कथाही इथल्याच पाण्याची आहे. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत सिरिंक्स ही अर्केडियन अप्सरा पॅनपासून पळत लाडोन नदीपाशी येते, पुढे वाट नाही, आणि ती बोरूचं बेट होते. आता लाडोनचा उगम कुठे? पॉसेनिअस सांगतो, फेनिओसच्या मैदानातलं पाणी डोंगराखालच्या विवरांत गडप होऊन पलीकडे वर येतं, तीच लाडोन. म्हणजे जगातली पहिली बासरी ज्या बोरूंची झाली, ते भूमिगत पाण्यावर वाढलेले आहेत. ओव्हिडने हे जाणून लिहिलं असेलच असं नाही, पण जागा मात्र त्याने अचूक निवडली.

बासरी कशी करत, तेही पाहण्यासारखं आहे. बोरू पेराखाली कापायचा, म्हणजे पेर हाच नळीचा बंद तळ होतो आणि वरचं तोंड उघडं राहतं. बंद तळाच्या नळीतला सूर तिच्या आतल्या हवेच्या लांबीवर ठरतो आणि ती लांबी ध्वनिलहरीच्या पाव भागाइतकी असते. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर हवा असेल तर सुमारे १९ सेंटिमीटर, त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर हवा तर निम्मी. रोमन कवी व्हर्जिलच्या दुसऱ्या गोपगीतातली बासरी सात कमीजास्त लांबीच्या नळ्यांची आहे. ग्रीक पद्धत मात्र बहुधा निराळी होती: नळ्या बाहेरून एकाच मापाच्या आणि आत मेण ओतून प्रत्येकीची पोकळी हवी तेवढी कमी केलेली. थिओक्रिटसच्या नावावर असलेल्या आठव्या गोपगीतात नऊ सुरांच्या बासरीचं पांढरं मेण वर आणि खाली सारखंच असल्याचं म्हटलंय. मेणाने सूर लावणं सोयीचं असतं. थेंबभर घातलं की सूर चढतो, काडीने कोरलं की उतरतो. अडचण उन्हाची. मेण मऊ पडून सरकलं की सूर बिघडतो आणि नळ्या सांधणारा थर सुटतो. म्हणून दुपारी सावलीत बसून गाण्याला कवितेबाहेरही कारण आहे.

या सगळ्याचा मोठा प्रवाह म्हणजे अल्फीअस नदी. पॉसेनिअसच्या वर्णनानुसार ती टेगियाच्या मैदानात जमिनीत जाते, असियापाशी वर येऊन युरोटासमध्ये मिसळते, दोघी मिळून पुन्हा गडप होतात आणि नंतर वेगवेगळ्या वर येतात: युरोटास स्पार्टाच्या मुलखात, अल्फीअस मेगालोपोलिसजवळ. स्ट्रेबोने नोंदवलेल्या समजुतीनुसार, एकत्र प्रवाहात दोन हार दोन नद्यांची नावं घेऊन टाकले, तर ज्याचा त्याचा हार ज्या त्या नदीत वर येतो. मग कल्पनेने एक पाऊल पुढे टाकलं. जी नदी डोंगराखालून जाऊ शकते ती समुद्राखालून का नाही? अल्फीअस नदीचा देव अरेथूसा या अप्सरेच्या मागे लागला, ती सिसिलीला पळाली आणि सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा झाली. तोही समुद्राखालून तिथवर गेला. ऑलिंपियात नदीत टाकलेला पेला त्या झऱ्यात निघतो, बळीच्या बैलांच्या रक्ताने झरा गढूळ होतो, असं लोक सांगत. स्ट्रेबोने यावर रोखठोक हरकत घेतली आहे: अल्फीअसचं मुख तर डोळ्यांसमोर समुद्राला मिळतं, वाटेत तिला गिळणारा भोवरा कुठेच नाही, मग पेला पोचेल कसा? अरेथूसाचा झरा आजही आहे, समुद्राला अगदी लागून, पाण्यात पपायरसची झाडं. रोमन वक्ता सिसेरोच्या वेळी लाटांपासून त्याला दगडी बांधाने वाचवलेलं होतं.

थिओक्रिटस याच सिराक्यूजचा, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. गोपकाव्याची सुरुवात त्याच्यापासून मानतात. त्याच्या पहिल्या गोपगीतात मरणाऱ्या डॅफ्निस या गुराख्याने अरेथूसाचा निरोप घेतला आहे, आणि लगेच पॅनला हाक मारली आहे: तू लायकिअनवर असशील किंवा मेनालसवर, ते डोंगर सोड, सिसिलीला ये आणि ही मेणाने सांधलेली बासरी घे. अर्केडियाचा देव अल्फीअसच्याच दिशेने, त्याच बेटावर बोलावला जातोय. दोन शतकांनी व्हर्जिलने सिसिलीचं गोपकाव्य लॅटिनमध्ये आणलं आणि त्यातल्या काही गुराख्यांना अर्केडियन केलं. सातव्या गोपगीतातले दोघे गायक अर्केडियन आहेत आणि बसले आहेत मात्र मिंचिओ नदीकाठी, म्हणजे व्हर्जिलच्या स्वतःच्या मांतुआच्या मुलखात. भूगोल म्हणून हे चूक आहे. पण लोकांनी आधीच मान्य केलेल्या त्या भूमिगत वाटेने पाहिलं तर चूक वाटत नाही. दहाव्या आणि शेवटच्या गोपगीतात तो सुरुवातीलाच अरेथूसाला हाक मारतो आणि एक शुभेच्छा देतो: तू सिसिलीच्या लाटांखालून वाहशील तेव्हा खारट समुद्राने आपलं पाणी तुझ्यात मिसळू नये. मग मेनालसचे पाइन आणि लायकिअनचे थंड खडक विरहाने खंगलेल्या गॅलससाठी, व्हर्जिलच्या कवी मित्रासाठी, रडतात. अर्केडियाला साहित्यात कायमची जागा इथे मिळाली. त्या वेळच्या इटलीत सैनिकांना वाटण्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या जात होत्या आणि ते दुःख पहिल्या आणि नवव्या गोपगीतात उघड आहे. व्हर्जिलचं अर्केडिया निवांत नाही.

पुढचा मोठा टप्पा नेपल्सचा. याकोपो सान्नाझारोचं 'आर्काडिया' १५०४ साली छापलं गेलं: बारा गद्य प्रकरणं आणि बारा गोपगीतं, एकाआड एक. त्या वेळी नेपल्सचं राज्य बुडालं होतं आणि लेखक आपल्या पदच्युत राजाबरोबर फ्रान्समध्ये होता. बाराव्या प्रकरणात नायकाला अर्केडियातून घरी परतायचं आहे. तो जहाजाने जात नाही. एक जलदेवता त्याला नदीच्या पात्राखाली नेते, जिथून जगातल्या नद्या निघतात त्या गुहांमधून चालवते आणि तो नेपल्सपाशी वर येतो. अल्फीअसची वाट आता माणसाने चालून दाखवली. त्या ग्रंथातलं एवढंच प्रकरण वाचलं तरी चालेल, इतकं ते मला महत्त्वाचं वाटतं. फिलिप सिडनीचं इंग्रजी 'अर्केडिया' १५९० साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी छापलं गेलं. त्यात राजकारण आहे, बंड आहे, पण ही भूमिगत वाट नाही, म्हणून इथे त्याच्यापाशी थांबत नाही.

इंग्रजी कवी मिल्टनच्या 'लिसिडास'पाशी मात्र थांबायला हवं. १६३७ साली केंब्रिजमधला त्याच्या ओळखीचा एक तरुण आयरिश समुद्रात बुडाला, त्याच्यावरची ही १९३ ओळींची विलापिका. तिची रचना पाण्यासारखी आहे. गुराख्याचं गाणं चालू असतं, मध्येच अपोलो देव कीर्तीबद्दल उंच सुरात बोलतो आणि गाणं थांबतं. मग कवी अरेथूसा आणि मिंचिओ या दोघांना, म्हणजे थिओक्रिटसला आणि व्हर्जिलला, एकाच दमात हाक मारून पुन्हा सूर धरतो. पुढे संत पीटर भ्रष्ट धर्मगुरूंवर कडाडतो आणि गाणं दुसऱ्यांदा आटतं. तेव्हा हाक अल्फीअसला: ज्या आवाजाने तुझा प्रवाह आकसला तो आता सरला, परत ये. कविता दोनदा जमिनीत जाते आणि दोनदा वर येते. बुडालेल्या माणसासाठी याहून योग्य नदी मिल्टनला मिळाली नसती. इंग्रजी कवी कोलरिजच्या 'कुब्ला खान'मधली पवित्र नदी, जी अथांग गुहांमधून सूर्य नसलेल्या समुद्रात जाते, तिचं नाव आल्फ आहे. १८१६ मध्ये ती कविता प्रसिद्ध झाली तेव्हा डोंगर मंगोल राजाचे झाले होते, नदीचं नाव अर्धं उरलं होतं, पण वाहण्याची रीत अर्केडियाचीच.

मूळ वाचायला घ्यायचं असेल तर पॉसेनिअसच्या ग्रीसवरच्या प्रवासग्रंथाच्या आठव्या खंडापासून सुरुवात करावी. चोपन्न प्रकरणं आहेत. ७, ८, १४, २०, २२ आणि ५४ ही पाण्याची. मग थिओक्रिटसचं पहिलं गीत, व्हर्जिलचं दहावं आणि त्यानंतर 'लिसिडास'. उलट क्रमाने वाचलं तर नद्या नुसती अलंकाराची नावं वाटतात आणि तळटिपांत अडकून पडायला होतं.

पॉसेनिअसच्या सातव्या प्रकरणात एक गोष्ट आहे, तिच्यापुढे स्ट्रेबोची हरकतही थोडी सैल पडते. मँटिनियाजवळच्या एका पडीक मैदानाचं पाणी विवरात जातं आणि पूर्वेकडच्या अर्गोलिस प्रदेशाच्या किनाऱ्याजवळ, समुद्रातच, गोडं होऊन वर येतं. त्या जागेचं नाव त्याने डाइनी दिलं आहे. अर्गोसचे लोक पूर्वी तिथे समुद्रदेव पोसायडनसाठी लगाम घातलेले घोडे पाण्यात सोडत. ही आख्यायिका नाही. किव्हेरी गावापाशी समुद्राच्या तळातून उसळणारे गोडे झरे आजही आहेत आणि डाइनी याच भागात असावी, असं मानतात. आधुनिक जलशास्त्रज्ञांनी अर्केडियातल्या त्रिपोलीच्या पठारावरच्या विवरांत रंगद्रव्य सोडून त्याचा माग काढला, तो या किनाऱ्यावर निघाला. अर्केडियाचं पाणी खरोखरच समुद्राखालून जातं. फक्त सिसिलीपर्यंत नाही, पूर्वेच्या आखातापर्यंत.

तिथे आता समुद्रातच अर्धगोल काँक्रीटची भिंत बांधून झरे अडवले आहेत आणि ते पाणी कालव्याने अर्गोलिसच्या संत्र्या-लिंबांच्या बागांना दिलं जातं. भिंतीचं काम बारीक हिशोबाचं असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे आतली पातळी बाहेरच्या समुद्रापेक्षा सतत थोडी वर ठेवावी लागते, म्हणजे झऱ्याचा दाब समुद्राला बाहेर ठेवतो. अवर्षणात झऱ्याचा जोर कमी होतो. अशा वेळी पंपांनी जास्त उपसा केला की पातळी उतरते, खारं पाणी भेगांतून आत शिरतं आणि तेच बागांच्या मुळांपर्यंत पोचतं. लिंबूवर्गीय झाडांना मीठ फारसं सोसत नाही, पानांच्या कडा जळू लागतात. व्हर्जिलने अरेथूसासाठी मागितलेली गोष्ट नेमकी हीच होती, आणि किव्हेरीत आज ती पाण्याची पातळी मोजून सांभाळावी लागते.